हवा निर्दोष आहे!

मराठी माणसाला अडचणीत तारणारे तीन शब्द आहेत. पोट बिघडलं की 'बाहेरचं खाणं', मुलगा नापास झाला की 'संगत', आणि यंत्र बिघडलं की 'इंटरफिअरन्स'. तिन्ही शब्दांचा अर्थ एकच : आमच्या घरात सगळं ठीक आहे, दोष बाहेरचा आहे.

पहिल्या दोन शब्दांशी माझं भांडण नाही. ते मी स्वतः भरपूर वापरले आहेत आणि यापुढेही वापरीन. तिसऱ्याशी मात्र माझं उघड वैर आहे. ते वैर फुकटचं नव्हे. त्या शब्दापायी मला परक्या देशात एका नऊ वर्षांच्या मुलाची माफी मागावी लागली आहे.

आमच्या लहानपणी घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला ऐन रंगात आली की तो खरखरायला लागायचा. वडील लगेच छताकडे बघायचे. वर राहणाऱ्या काकूंनी काहीतरी 'विजेचं' चालू केलं आहे, हा निकाल खरखर सुरू होण्याआधीच तयार असायचा. वास्तविक काकूंच्या घरात विजेवर चालणारं एका दिव्याखेरीज काही नव्हतं. पुढे दिवाळीची साफसफाई करताना रेडिओच्या मागे एरियलची तार तुटून लोंबताना आईला सापडली. तार जोडली गेली. काकूंवरचा आरोप कुणी मागे घेतला नाही.

मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि आमच्या घरात टीव्ही यायला पुढे दहा वर्षं गेली. खालून स्कूटर गेली की पडद्यावर रेघा उमटायच्या. इथे मात्र आरोप खरा होता. स्कूटरच्या स्पार्क प्लगमध्ये उडणारी ठिणगी हा एक चिमुकला ट्रान्समीटरच असतो. पण हा एक खरा आरोप आम्हाला जन्मभर पुरला. पुढे घड्याळ मागे पडलं तरी आम्ही गॅलरीत जाऊन खाली कुणाची स्कूटर उभी आहे ते बघत असू.

असे संस्कार घेऊन मी २००४ साली बँकेतून निवृत्त झालो आणि रीतीप्रमाणे सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यू जर्सीला गेलो.

चिरंजीवांना तेव्हा नायट्रो गाडीचा नाद लागला होता. नायट्रो गाडी म्हणजे खेळण्यातली मोटार असं मला वाटलं होतं. ती खेळण्यातली मोटार असेल तर वाघ हे मांजर आहे. पाटाएवढी लांब, वजनाला चार किलो, आणि पोटात पेरूएवढं खरंखुरं इंजिन. पेट्रोल नाही, मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन यांचं तेल घातलेलं मिश्रण बाळाला पाजावं तसं बाटलीनं पाजायचं. मग ते इंजिन मिनिटाला तीस हजारांच्या घरात फेरे घेतं, ढुंगणातून निळा धूर सोडतं आणि ताशी साठ किलोमीटरनं पळतं. आणि एवढं सगळं माझा मुलगा हातातल्या ट्रान्समीटरचा घोडा बोटानं ओढून करतो, हे पाहून मला त्याच्या शिक्षणावरचा खर्च वसूल झाल्यासारखं वाटलं. सौ.ला मात्र तसं वाटलं नाही. "अहो, त्याला म्हणावं अंगणात हा वास नको. पापड वाळत घातलेत," एवढंच ती म्हणाली.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझा सगळा खटला तिच्यावर उभा आहे. या इंजिनाला ठिणगी लागत नाही. त्याला स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. म्हणजे आत प्लॅटिनमची बारीकशी तार. सुरू करताना बाहेरून दीड व्होल्टाचा सेल लावून ती तापवायची. एकदा इंजिन चालू झालं की सेल काढून घ्यायचा. पुढे मिथेनॉलच्या संगतीत तार आपली आपण लाल राहते. (चांगल्या संगतीचं मला माहीत असलेलं हे एकमेव उदाहरण.) म्हणजे स्कूटरवर ठेवलेला आरोप या इंजिनावर ठेवताच येत नाही. ते पळत असताना त्याच्यात वीज नसते.

वीज असते ती फक्त गाडीच्या कानाला आणि हातांना. कान म्हणजे ट्रान्समीटरचं ऐकणारा रिसीव्हर. हात म्हणजे दोन सर्व्हो, एक चाकं वळवणारा आणि दुसरा इंजिनाचा गळा उघडणारा, ब्रेक लावणारा. या तिघांना मिळून खायला काय, तर चार पेन्सिल सेल. राक्षस पितो नायट्रो, आणि त्याचा लगाम धरणारा मात्र ट्रान्झिस्टरच्या शिध्यावर!

जूनपासून गाडीला झटके येऊ लागले. सरळ जाता जाता चाकं एकदम फडफडायची, वळणावर गाडी क्षणभर बहिरी व्हायची आणि पुन्हा शुद्धीवर यायची. चिरंजीवांचे एक मित्र होते. मूळचे नाशिकचे, कॉम्प्युटरवाले, आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर अर्ध्या मिनिटात निदान सांगणारे. त्यांनी गाडीला हात न लावता, हातातला कॉफीचा कप न ठेवता सांगितलं, "इंटरफिअरन्स."

या पंथाला मी हवावादी म्हणतो. हवावाद्याचं वैशिष्ट्य असं, की तो कधीही चुकीचा ठरत नाही. हवेत काय आहे हे कुणाला दिसत असतं? शिवाय त्याच्याजवळ एक पुरावाही होता. गाडीचा संच होता २७ मेगाहर्ट्झचा. अमेरिकेत या पट्ट्यात रिमोटच्या गाड्यांना सहा जागा आहेत आणि त्यांना रंग दिले आहेत : तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. आणि त्याच पट्ट्यात ट्रकवाल्यांच्या सीबी रेडिओची चाळीस चॅनेल्स. गाड्यांनी ट्रकवाल्यांच्या मधल्या फटींत अंग चोरून राहायचं, दादरच्या लोकलमध्ये चौथी सीट असते तसं. आणि शाळेच्या मैदानापासून हायवे अर्ध्या मैलावर! झालं. ट्रक आरोपी ठरले.

चिरंजीवांनी नवे क्रिस्टल आणले. क्रिस्टल म्हणजे जागा ठरवणारा नखाएवढा तुकडा. एक ट्रान्समीटरमध्ये, एक रिसीव्हरमध्ये, दोन्ही एकाच रंगाचे. तपकिरीचे पिवळे केले. झटके तसेच. पिवळ्याचे निळे केले. झटके तसेच. आता तुम्हीच सांगा, एक माणूस तीन निरनिराळ्या चाळींत बिऱ्हाड करतो आणि तिन्हीकडे त्याला रात्री झोप येत नाही, तर दोष तिन्ही चाळींच्या शेजाऱ्यांचा की त्याच्या पित्ताचा? पण हवावाद्यांचा निष्कर्ष वेगळाच निघाला. ते म्हणाले, "म्हणजे कुणीतरी अगदी जवळ आहे."

आणि जवळ एक जण होता. शेजारचा मुलगा. नऊ वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला. त्याच्याकडे दुकानात मिळते तसली प्लास्टिकची रिमोटची गाडी होती, आणि आमची गाडी निघाली की तोही आपली घेऊन मैदानाच्या कडेला येऊन बसायचा. आमची गाडी बघत बघत स्वतःची दोन फूट पुढे, दोन फूट मागे करायचा. "ह्याचंच ते," नाशिककर म्हणाले. मीही मान हलवली. इथे मला थोडं थांबायला हवं, कारण मान हलवणाऱ्याची त्या घरातली नोकरी काय होती हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

माझ्याकडे बॅटरी खातं होतं. ते मी मागून घेतलं होतं. आल्याच्या तिसऱ्या दिवशी मुलाच्या कचऱ्याच्या डब्यात मला नऊ सेल सापडले. चांगले, गुटगुटीत, न गळलेले! मी हादरलो. आमच्या घरात सेल असा मरत नसे. बॅटरीतून तो ट्रान्झिस्टरमध्ये जाई, ट्रान्झिस्टरमधून रिमोटमध्ये. रिमोट चालेना की त्याला दोन चापट्या मारायच्या, मग सेलची जागा आलटूनपालटून बघायची, मग गच्चीवर ऊन दाखवायचं आणि शेवटी भिंतीवरच्या घड्याळात त्याला वानप्रस्थ द्यायचा. तिथे तो वर्षभर नांदायचा. आणि इथे तरणेताठे सेल कचऱ्यात! मी ते नऊच्या नऊ धुऊनपुसून बाहेर काढले. घरात मीटर होता. एकेक सेल मोजला आणि प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी डकवून बँकेत लिहायचो तशा टपोऱ्या अक्षरात व्होल्ट लिहिले. खाली शेरा : 'ठीक.' आणि सही. मग खणात नव्यांच्या शेजारी मांडून ठेवले. गाडीत घालायला सेल लागले की मी दोन नवे आणि दोन 'ठीक' असे देत असे. दुधात पाणी घालण्याचा मला अनुभव नाही, पण त्या मागचं समाधान मला कळतं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मैदानावर आम्ही चौघं होतो. मुलगा, नाशिककर, मी आणि कडेला तो छोटा. गाडी लांबवर जाऊन वळली आणि पूर्ण वेगानं परत यायला लागली. मुलानं घोडा सोडला. गाडी ऐकेना. ब्रेक दाबला. नाही. चाक फिरवलं. नाही. इंजिनाचा गळा उघडा तो उघडाच राहिला आणि ती चार किलोची वस्तू सरळ त्या मुलाच्या दिशेनं निघाली. तो आपला मांडी घालून बसलेला, मान खाली, स्वतःच्या गाडीकडे बघत.

कुणी ओरडलं असेल तर मला आठवत नाही. गाडी फुटपाथच्या दगडावर आदळली, त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, आणि उलटी पडून किंचाळत राहिली. मुलानं धावत जाऊन धुराच्या नळीवर फडकं दाबून इंजिन बंद केलं. मग जी शांतता झाली ती मला अजून ऐकू येते.

आणि त्या शांततेत आम्ही तीन मोठ्या माणसांनी काय केलं असेल? आम्ही त्या पोराला रागावलो. त्याला काही लागलं का, हे विचारायच्या आधी! तुझ्या खेळण्यामुळे आमची गाडी बिघडते, उद्यापासून इथे यायचं नाही, असं नाशिककरांनी त्याला स्वच्छ इंग्रजीत सांगितलं आणि मी मागून माझ्या इंग्रजीत दुजोरा दिला. त्यानं काही वाद घातला नाही. आपल्या गाडीचं बटण बंद केलं, ती बगलेत धरली आणि घरी गेला.

रात्री मुलानं गाडी टेबलावर उघडली. प्लास्टिकचा सेलचा डबा बाहेर आला. त्यात दोन नवे सेल आणि दोन चिठ्ठीवाले. '१.३१. ठीक.' खाली माझी सही. त्यानं ती वाचली, माझ्याकडे बघितलं आणि तो काही बोलला नाही. मुलगा बापाला काही बोलत नाही तेव्हा काय वाटतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको.

मग त्यानं मीटर लावला. चार सेल मिळून पावणेसहा व्होल्ट. "बघ, ठीकच आहेत की," मी क्षीण आवाजात म्हणालो. "बाबा, आता चाकं वळवतो, बघा." त्यानं ट्रान्समीटरचं चाक फिरवलं, सोबत घोडाही ओढला. दोन्ही सर्व्होंनी एकदम जोर मागितला आणि मीटरचा आकडा चारच्या खाली धाडकन बसला. रिसीव्हर मेला. चाकं सोडली, आकडा वर आला, रिसीव्हर जिवंत झाला. पुन्हा वळवली. पुन्हा मेला. मैदानावर महिनाभर पाहिलेले झटके जेवणाच्या टेबलावर, हायवेपासून दूर, घराची दारं बंद असताना, जसेच्या तसे!

सेलला बसल्या जागी विचारलं तर तो 'ठीक' म्हणणारच. आमच्या बँकेतला कुठलाही कर्मचारी दुपारी चार वाजता ठणठणीत असे. पगाराच्या दिवशी खिडकीवर बसवला की कळायचं. घड्याळाला मुंगीएवढा घास लागतो, तो म्हातारा सेल देऊ शकतो. सर्व्हो एकदम घागर मागतो. दोन तरुण आणि दोन म्हातारे एका रांगेत जुंपले तर गाडा म्हाताऱ्यांच्या चालीनंच चालतो. आणि सेलनं मान टाकली की सर्व्हो जिथे असेल तिथेच थांबतो. गळा उघडा असेल तर उघडाच.

तो दोन सेकंदांचा असला तरी साठच्या वेगात तेहतीस मीटरचा असतो, हे मी त्या रात्री कागदावर मांडून पाहिलं आणि कागद फाडून टाकला.

शोध लागला म्हणताना आणखी पुष्कळ निघालं. इंजिनाचा गळा आपोआप मिटवणारी एक पैशाची स्प्रिंग असते, ती कधीच गळून पडली होती आणि कुणी लावली नव्हती. सेलच्या डब्यातल्या स्प्रिंगा इंजिनाच्या थरथरीनं सेलपासून क्षणभर सुटत होत्या. बटणाच्या पोटात तेलाचा चिकटा होता. आणि रिसीव्हरची एरियलची तार हातभर असते ती नळीतून वर न्यायची सोडून नाशिककरांनी 'नीट दिसावी' म्हणून बोटाभोवती गुंडाळून ठेवली होती. हवेचा अभ्यासक, आणि हवेतलं ऐकणारा कान स्वतः मुरगाळून बसलेला!

दुसऱ्या दिवशी आम्ही बेसनाचे लाडू घेऊन शेजारी गेलो. दार त्यानंच उघडलं. मी जे इंग्रजीत बोललो ते इथे देत नाही. त्यानं ऐकून घेतलं, लाडवाचा वास घेतला आणि आपली गाडी आणून सेल कुठे घालतात ते मला दाखवावं म्हणून उलटी केली. पोटावर छापलेलं होतं : ४९. त्याची गाडी ४९ मेगाहर्ट्झवर चालणारी होती. आमची २७ वर. त्या देशात खेळणी दोन्ही पट्ट्यांवर विकतात, एकाच घरातल्या दोन भावांनी एका वेळी खेळावं म्हणून. तपकिरी, पिवळा, निळा, कुठलाही क्रिस्टल घातला असता तरी त्या पोराच्या गाडीचा आमच्या गाडीशी संबंध नव्हता. तीन शिकलेल्या माणसांपैकी एकानं कधी ती गाडी उचलून उलटी करून पाहिली नव्हती.

आता हवावादी म्हणतील, इंटरफिअरन्स नावाची गोष्ट जगात नाहीच का? आहे. दोघांचे एकाच रंगाचे क्रिस्टल असतील तर आहे. गाडीत धातू धातूवर घासत असेल, एखादा स्क्रू सैल असेल, तरी त्यातून खरखर उठते. पण ती शोधायला आधी इंजिन बंद ठेवून बघायचं असतं. एकानं गाडीजवळ बसायचं, दुसऱ्यानं ट्रान्समीटर घेऊन चाकं वळवत लांब जायचं. थंड गाडी जवळच बहिरी झाली तर सेल बघा, एरियल बघा. थंड गाडी ऐकते आणि इंजिन चालू केलं की ऐकत नाही, तर दोष थरथरीचा : स्प्रिंग, जोड, बटण, स्क्रू. हे सगळं स्वच्छ निघालं, मग खुशाल हायवेकडे बघा. आमचे लोक आधी हायवेकडे बघतात, कारण हायवेकडे बघायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.

निकोला टेस्लानं १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओनं चालणारी बोट दाखवली तेव्हा हवेत दुसरं कुणी नव्हतंच. त्याची बोट अडली असती तर त्याला कुणाचं नाव घ्यायची सोय नव्हती. म्हणून की काय, त्या माणसानं बोटीच्या पोटात भरभक्कम बॅटऱ्या भरल्या होत्या.

हे जुनं झालं, असं मला माझा नातू सांगतो. तोही आता नायट्रो चालवतो. आता संच २.४ गिगाहर्ट्झचे, क्रिस्टलची कटकट नाही. संच आपापली जागा शोधतात, बदलत राहतात. त्या युक्तीच्या जातीची एक कल्पना हेडी लामार या सिनेनटीनं एका संगीतकाराच्या साथीनं १९४२ साली पेटंट करून ठेवली होती, पाणतीरांसाठी, पियानोच्या पट्ट्यांइतक्या अठ्ठ्याऐंशी जागांवर उड्या मारणारी. आहे कौतुकच. पण सेल तेच आहेत! उलट जुना रिसीव्हर उपाशी राहिला तर तोतरा बोलायचा. हे नवे निघाले तेव्हा उपाशी राहिले की बेशुद्धच पडायचे आणि पुन्हा उठून ट्रान्समीटरला ओळखायला त्यांना काही सेकंद लागायचे. आता लवकर उठतात म्हणे. उठोत. पण पडतात कशानं, ते विचारा. गाडी भिंतीवर आपटली की नव्या पिढीतला हवावादी खिशातून फोन काढतो, आजूबाजूला किती वाय-फाय आहेत ते मोजतो आणि हताशपणे म्हणतो, "इतकं ट्रॅफिक!"

अरे, पाच सेल एकत्र डाख लावून बांधलेला पॅक घे, ज्यात सुटायला स्प्रिंगच नाही. खेळायच्या आदल्या रात्री तो चार्ज कर. महिन्यापूर्वी केला होतास ते धरू नकोस, तो बसल्या बसल्या रिकामा होतो. गळ्याची स्प्रिंग आहे का बघ. 'फेलसेफ' नावाची सोय असते, सिग्नल गेला किंवा व्होल्ट पडू लागले की ती ब्रेक लावते. ती असेल तर नीट लावून, ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून, गाडीची चाकं उचललेली असताना तपासून घे. आणि सुरू करताना आधी ट्रान्समीटर, मग गाडी. बंद करताना आधी गाडी. हे मी नातवाला दर रविवारी फोनवर सांगतो. तो म्हणतो, "आजोबा, तुमचा आवाज कट होतोय. इंटरफिअरन्स असेल."

त्या शेजारच्या मुलाला पुढच्या रविवारी चिरंजीवांनी स्वतः बोलावून आणलं आणि ट्रान्समीटर त्याच्या हातात दिला. त्यानं तो घेतला, पण चाक फिरवलं नाही. माझ्यापुढे हात केला. मला वाटलं लाडू मागतो आहे. पण त्याला सेलचा डबा बघायचा होता. त्यानं चारही सेल एकेक करून बाहेर काढले, कुठल्याही सेलवर चिठ्ठी नाही अशी खात्री केली, आणि मग गाडी सुरू करायची परवानगी दिली.

खणातले उरलेले 'ठीक' सेल मात्र मी टाकले नाहीत. टाकणार कसे? बॅगेत घालून पुण्याला आणले. त्यातला एक दिवाणखान्यातल्या घड्याळात घातला, तर पुढे चौदा महिने चालला. घड्याळ रोज जरा मागे पडायचं, एवढंच. सौ. म्हणायची, "अहो, सेल बदला." मी गॅलरीत जाऊन खाली बघून यायचो.